अण्णांचे बारा चौकोन, चिरंजीवांचे सात. तुमच्या घरी काय हिशेब आहे?

नळस्टॉपची | मंगळवार, रात्री १०:४०

आधीच सांगते, हा 'हल्लीची मुलं मोबाइलात डोकं घालून बसतात' छापाचा धागा नाही. सुरुवात तिथूनच झाली होती, खोटं कशाला बोलू. पण गाडी भलतीकडे गेली म्हणून विचारतेय.

घर कोथरूडला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही पाच जण. सासरे (वय ७४, पिंपरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात), सासूबाई, नवरा, मी आणि चिरंजीव. चिरंजीव पंधरा वर्षांचे, यंदा दहावी. नववीचा शेवटचा पेपर झाला आणि चौथ्या दिवशी क्लास सुरू. सुट्टी म्हणजे आमच्याकडे 'शाळा नाही, बाकी सगळं आहे'.

भांडण रोज संध्याकाळी सातचं. अण्णा म्हणणार, "दिवसभर त्या डबड्यात काय असतं रे?" तो म्हणणार, "आजोबा, तुमच्या डबड्यात जे असतं तेच." मी बँकेतून सव्वासातला येते. खांद्यावरची पर्स खाली ठेवायच्या आत दोन्ही पक्ष निकाल मागायला उभे. एका शुक्रवारी वैतागून म्हटलं, आता मोजूच.

मोजायची युक्ती माझी नाही, सरकारची. केंद्राचं सांख्यिकी खातं वेळेच्या वापराची पाहणी करतं. २०२४ सालच्या पाहणीची बातमी २०२५ च्या फेब्रुवारीत पेपरात आली होती, तेव्हा कात्रण ठेवलं होतं. त्यात माणसाचा दिवस मध्यरात्रीपासून नाही, पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा धरतात आणि त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात काय केलंत ते विचारतात. पहाटे चारच का, हे मला आमच्या घरावरून लगेच पटलं. चिरंजीव एकला झोपतात, अण्णा साडेचारला उठतात. चार वाजता घरात कुणीच जागं नसतं, तेवढीच वेळ.

तर बँकेतले मागे कोरे असलेले कागद आणले, प्रत्येकी ४८ चौकोन आखले. एक साधा बुधवार आणि एक रविवार. बुधवारचंच सांगते, रविवारी पाहुणे आले आणि सगळ्यांनी खोटं लिहिलं.

अण्णांचे मोबाइल आणि टीव्ही मिळून चौकोन भरले बारा. म्हणजे सहा तास. पहाटे पाचला सुप्रभात पाठवणं (सूर्य, कमळ, सुविचार, एकूण त्रेचाळीस जणांना, मी मोजले), पेपर वाचून झाल्यावर त्याच बातम्या व्हॉट्सअॅपवर परत वाचणं, अकरा ते साडेबारा यूट्यूबवर आधी कीर्तन आणि मग शेअर बाजार, संध्याकाळी दोन तास टीव्ही, वगैरे.

चिरंजीवांचे भरले सात. साडेतीन तास.

अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, पुन्हा मोजले आणि म्हणाले, "माझं ज्ञानासाठी असतं." विषय त्यांच्यापुरता संपला. माझा नाही संपला. कारण ते दोन कागद शेजारी ठेवले आणि मला वेगळंच दिसलं. अण्णांचे चौकोन गठ्ठ्याने आहेत. तीन इथे, चार तिथे, मध्ये स्वस्थ मोकळे पट्टे. चिरंजीवांचे म्हणजे पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसे. क्लास सुटला, अर्धा तास. जेवण झालं, अर्धा तास. दुसऱ्या क्लासची रिक्षा यायची आहे, अर्धा तास. सलग दोन चौकोन फक्त रात्री साडेदहा ते साडेअकरा. अर्ध्या तासात माणूस दुसरं करणार काय? टेकडीवर जाऊन यायला अर्धा तास पुरत नाही. मित्राकडे जायला पुरत नाही. मोबाइल काढायला पुरतो.

(त्या सलग तासात बीजीएमआय, मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ. त्या खेळाला अठराखालच्या मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या नंबरवर ओटीपी जातो. तो मोठा माणूस कोण? अण्णा! "बँकेचा नव्हता ना, मग दिला," म्हणे. सून बँकेत असताना. माझं डोकं इथेच फुटायचं बाकी होतं.)

माझा स्वतःचाही कागद भरला. करमणुकीचे दोन चौकोन निघाले, त्यातला एक मेट्रोत उभ्याने, वनाजपर्यंत. तो विरंगुळ्यात धरायचा की प्रवासात, ठरेना. पाहणीच्या हिशेबात सहा वर्षांवरच्या सगळ्यांचा मिळून दिवसातला ११ टक्के वेळ करमणूक, माध्यमं, खेळ या खात्यात पडतो. २०१९ ला ९.९ होता. अकरा टक्के म्हणजे दोन तास अडतीस मिनिटं. माझा उरलेला दीड तास कुणाच्या कागदावर गेलाय, ते शोधतेय.

आणि सासूबाईंचा कागद. तो भरलाच गेला नाही. त्यावर नंतर लिहीन.

प्रश्न असा: तुमच्या घरातले आजी-आजोबा आणि बारा ते एकोणीस वयाची मुलं मोकळ्या वेळात करतात काय? एकत्र काही करतात का? आमच्याकडे दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून दोन वेगळ्या पडद्यांकडे बघतात, आणि मधल्या उशीवर चार्जर एकच, त्यावरून भांडतात.

---

एक_पेठकर | मंगळवार, रात्री ११:०५

राउटर साडेदहाला बंद. दोघांचाही. माळ्यावर कॅरम असेलच, तो काढा. एवढ्यासाठी सरकारी पाहणी कशाला?

---

नळस्टॉपची | बुधवार, सकाळी ८:१०

कॅरम काढून झाला, पेठकर. ऐका. दहा वर्षं माळ्यावर उभा ठेवल्याने बोर्डाला पोक आलंय. सोंगटी मधून निघते आणि स्वतःच्या मर्जीने उजवीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसते. सोंगट्या काळ्या नऊ, पांढऱ्या आठ. राणी सापडली. स्ट्रायकर नाही, म्हणून जुन्या पावडरच्या डबीचं झाकण. बोरिक पावडर घरात नव्हती, मी टाल्कम टाकली. अण्णांनी बोटाने चोळून बघितली आणि "ही तोंडाला लावायची आहे," असं म्हणून उठले. शेवटी बोरिक आणली. मग राणी घेतल्यावर कव्हर लगेच पाहिजे की नाही यावर वाद. चिरंजीवांचे नियम अॅपमधले, अण्णांचे कारखान्याच्या कँटीनमधले. दुसरा डाव अर्ध्यात मोडला. बोर्ड सध्या कपाटामागे. राउटरचं म्हणाल तर पासवर्ड ठेवलाय चिरंजीवांनी.

---

निवृत्त_पण_मोकळा_नाही | बुधवार, सकाळी ९:३०

वय ७३. एरंडवणे. आपला धागा वाचला. शुद्धलेखन बरं आहे, म्हणून उत्तर देतो.

बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं तेव्हा मी बरोबर आपल्या चिरंजीवांच्या वयाचा होतो. राहायला सदाशिव पेठ. सकाळी दूध आणून दिलं की सायकल काढायची. लकडी पुलावरून पलीकडे, कधी पर्वती, कधी टिळक तलाव, कधी नुसतंच नदीच्या कडेला. तिकिटाला पैसे नसले तरी नाटकाला कोण येतंय हे बघायला बालगंधर्वच्या आवारात घुटमळायचो. दुपारी जेवायला घरी आलो तर आलो. दिवसभर मी कुठे असतो हे माझ्या वडिलांना ठाऊक नसे आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसे. आपल्या चिरंजीवांचा प्रत्येक अर्धा तास कागदावर आहे! वर त्यातले सात आपल्याला जास्त वाटतात.

आता माझं. मोकळा वेळ मला आहे. भरपूर आहे. जाऊ कुठे? हनुमान टेकडीवर पहाटे जातो. तिथे दोन पाळ्या चालतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सूर्य उगवायच्या आधी आम्ही, काठ्या, कानटोप्या आणि गुडघ्यांच्या गप्पा. आम्ही उतरलो की धावणारे चढतात, कानात बोंडं घालून. संध्याकाळची पाळी कॉलेजची, जोड्यांची, गिटारवाल्यांची. एकमेकांना आम्ही उतरणीवर भेटतो, फार तर मान हलवतो. कुणाची तक्रार नाही. माझ्या मते हेच योग्य आहे. घरात तरी आजोबा-नातवाने एकत्रच बसलं पाहिजे हा हट्ट कुणाचा? मला नातवाची सोबत नको. नातू चांगला आहे. मला माझ्या वयाची माणसं हवीत. आमचा सहा जणांचा कट्टा होता. दोन गेले, एक मुलाकडे बंगळूरला, एकाला ऐकू येत नाही. उरलो दोघं, आणि आमच्या मध्ये कर्वे रस्ता. नळस्टॉपचा दुमजली पूल झाला, मेट्रो डोक्यावरून जाते, सगळं उत्तम. पण खालचा रस्ता ओलांडायला सिग्नल मला देतो वीस-बावीस सेकंद आणि माझा गुडघा मागतो चाळीस. म्हणून मित्राशी मी व्हिडिओ कॉलवर बोलतो. तो समोरच्या बाजूला राहतो. त्याची गॅलरी मला दिसते.

आपल्या हिशेबात हे 'मोबाइल' म्हणून भरलं जाईल.

वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, अजून चालू आहे. दर उन्हाळ्यात जातो. व्याख्यान संपल्यावर घरी कसं जायचं याची चिंता शेवटची पंधरा मिनिटं खाते, वक्ता काय म्हणाला ते राहून जातं. रिक्षावाला जवळचं भाडं घेत नाही.

तात्पर्य, दोघांना घरात बसवून चौकोन मोजण्यापेक्षा बाहेर बसायला जागा किती उरली ते मोजा.

---

विंगेतला | बुधवार, दुपारी २:१५

काकू, मी १९. म्हणजे अजून सात महिने तुमच्या प्रश्नात बसतो. शुद्धलेखनाबद्दल आजोबांनी आधीच माफ करावं.

एक गोष्ट सांगू का? तो रात्री साडेदहा ते साडेअकरा गेम 'खेळत' नसतो. म्हणजे खेळतो पण ते निमित्त. हेडफोन लावून बघा कधीतरी. निम्मा वेळ चौघंजण गणिताच्या सरांची नक्कल करत असतात. दहावीला वर्गातली मुलं चार वेगळ्या क्लासला वाटली जातात, वेळा जुळत नाहीत, सगळे रिकामे होतात ते डायरेक्ट रात्री साडेदहाला. तेव्हा कुठली आई घराबाहेर सोडते? मग भेटायचं कुठे, तर त्या मॅपवर. माझं दहावीत सेम होतं. आमच्यातला एक तर खेळायचाच नाही, विमानातून उडी मारून एका घरात जाऊन बसायचा आणि तिथून गप्पा मारायचा.

आता कॉलेजला आल्यावर माझा स्क्रीनटाइम आपोआप निम्म्यावर आला. मी काही सुधारलो वगैरे नाही. जायला जागा मिळाली. आम्ही एकांकिका करतो. पुरुषोत्तम करंडक, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, तुम्हाला माहीत असेलच, १९६३ पासून चालू आहे, माझे काका पण त्यांच्या वेळी होते. मी अॅक्टर नाही, लाइट्स आणि सेट. जुलै-ऑगस्टमध्ये तालमी रात्री अकरा-बारापर्यंत चालतात, फोन बॅगेत पडलेला असतो, आई सोळा मिस्ड कॉल देते. भरत नाट्य मंदिराच्या बाहेर उभं राहून 'अरे आवाज कुणाचा' ओरडायला कुठल्या अॅपची गरज लागत नाही. फक्त तालमीला जागा मिळायची मारामार. कॉलेजचा हॉल नऊला बंद होतो, मग कुणाच्या तरी सोसायटीचं टेरेस, तिथून हाकलतात, मग दुसऱ्याचं पार्किंग, तिथून पण हाकलतात. गेल्या वर्षी एका आजोबांनी वरून पाणी टाकलं. खरंच टाकलं. बादलीभर.

आणि आजोबांसोबत बसण्याबद्दल: माझे आजोबा मला आवडतात. पण त्यांच्यासोबत बसलं की पंधरा मिनिटांत तोंडी परीक्षा सुरू होते. "पुढे काय ठरवलंयस? आयटीतच जाणार का? तुझा तो मित्र काय करतो, त्याचे वडील काय करतात?" तो माझा फावला वेळ नसतो काकू, तो त्यांचा असतो. एकदाच मजा आली होती. त्यांच्या जुन्या एचएमटीचा पट्टा बदलायला आम्ही दोघं तुळशीबागेत गेलो, पट्टा मिळाला नाही, दोघांनी उसाचा रस पिला आणि घरी सांगितलं नाही. त्यांना शुगर आहे.

---

निवृत्त_पण_मोकळा_नाही | बुधवार, दुपारी ४:००

'प्यायला'. 'पिला' नव्हे.

बाकी मजकूर योग्य आहे. पाणी टाकणारा मी नव्हे.

---

डहाणूकर_गल्ली_क्र_नाही_सांगणार | बुधवार, सायं. ६:५०

सगळे आजोबांचं बोलताय. नळस्टॉपची, तुम्ही सासूबाईंचा कागद भरला नाही असं एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला तिथेच थांबायला झालं.

आमच्या भागात महापालिकेचं विरंगुळा केंद्र आहे. चांगली जागा आहे, पंखे चालू असतात. मी आईंना (सासूबाई, वय ७०) घेऊन गेले होते. चार टेबलं, चारही टेबलांवर पत्ते, सगळे पुरुष. आम्हाला बघून सगळ्यांनी पानं छातीशी धरली, जणू आम्ही डाव बघायला आलोय. एक जण म्हणाले, "भजनी मंडळ गुरुवारी असतं." आई म्हणाल्या, चल. खाली उतरताना म्हणतात कशा, "मला मेंढीकोट यांच्यापेक्षा चांगला येतो." येतोच. माहेरी पाच भावांत खेळून मोठ्या झाल्यात.

त्या टीव्ही बघतात तेव्हा मांडीवर ताट असतं. लसूण, शेंगा, गवार, काहीतरी. तो चौकोन तुम्ही कशात धरणार? मालिकेत की लसणात? माझी नणंद म्हणते मालिकेत. नणंद लसूण सोललेला नेते.

---

नळस्टॉपची | बुधवार, रात्री ११:२०

डहाणूकर, बरोबर पकडलंत. तिथेच अडले होते मी.

सरकारी पाहणीत एका अर्ध्या तासात एकाहून जास्त कामं नोंदवता येतात, पण त्यातलं मुख्य कुठलं ते ठरवावं लागतं. सासूबाईंच्या कागदावर मी संध्याकाळी सात ते नऊ हे चार चौकोन आधी 'टीव्ही' लिहिले. मग आठवलं, त्या वेळात त्या तीनदा उठल्या (कुकर, दुधावरची साय, बेल), कणीक मळून झाली आणि मालिकेत कोण मेलं हे त्यांनी मला विचारलं. खोडून 'स्वयंपाक' लिहिलं. मग वाटलं, पण हसल्या होत्या की मध्ये. परत खोडलं. कागद फाटला.

आज तुमचं वाचून ऑफिसातून आल्यावर सरळ विचारलंच. "आई, तुमचा विरंगुळा काय?" आधी त्यांना वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. मग म्हणाल्या, "दुपारी तुझे सासरे घोरायला लागले की मी रेडिओ लावते. हळू."

पंधरा वर्षं या घरात रेडिओ आहे हे मला माहीत आहे. फ्रिजच्या वर, क्रोशाच्या रुमालाखाली. मी समजत होते शोभेचा आहे. आकाशवाणी पुणे लागतं त्यावर, आणि कधी विविध भारती. आवाज इतका बारीक ठेवतात की स्वयंपाकघरात ओट्याला कान लावल्यासारखं उभं राहावं लागतं. का, तर अण्णा उठले की चहा. दोन ते अडीच. त्या चौकोनात मी माझ्या हाताने 'आराम' लिहिलं होतं.

विंगेतल्या, तुझ्या सांगण्यावरून आज रात्री दाराबाहेर उभी राहिले. (हेरगिरी आहे, मान्य.) पंधरा मिनिटांत एकही गोळी झाडल्याचं ऐकू आलं नाही. गणिताच्या सरांचं माहीत नाही, पण "आजोबांना ओटीपी मागितला तर म्हणाले बँकेचा नाही ना," हे माझ्या लेकाने अण्णांच्या हुबेहूब आवाजात म्हटलं आणि पलीकडे तीन मुलं खिंकाळली.

आणि आजोबा (तुम्हाला आजोबा म्हटलेलं चालेल ना?), जागा मोजा म्हणालात. उद्या मोजते.

---

एक_पेठकर | गुरुवार, सकाळी ७:४५

रात्री अकरा वीसला धाग्यावर. हा चौकोन कुठे धरलात?

---

नळस्टॉपची | रविवार, सकाळी ११:३०

पेठकर, 'साहित्यसेवा' या खात्यात.

तर मोजलं. आमची इमारत १९९४ ची, चोवीस फ्लॅट. लग्न होऊन आले तेव्हा खाली स्कूटरी होत्या आणि मारुती दोन. पार्किंगचा मधला भाग रिकामा असायचा, तिथे पोरं खेळायची. गेटजवळ शहाबादी फरशीचा कट्टा होता, तिथे अण्णांसह चार म्हातारे सातच्या बातम्यांपर्यंत बसायचे. आज गाड्या एकोणीस. कट्टा कधी गेला हे मला आठवेना, म्हणून अण्णांनाच विचारलं. "अकरा नंबरवाल्याची गाडी वळत नव्हती, म्हणून फोडला," म्हणाले. ठराव कुणी मांडला? काही बोलले नाहीत. तेव्हा सेक्रेटरी तेच होते.

आणि पाटी. जिन्याखाली मीटरच्या बाजूला पत्र्याची पाटी आहे, रोज तिच्यासमोरून जाते, वाचलेली नव्हती. "येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. काच फुटल्यास भरपाई पालकांकडून वसूल केली जाईल. हुकमावरून." पांढऱ्यावर निळी अक्षरं, सगळ्या वेलांट्या एका मापाच्या. हे वळण मला माहीत आहे. आमच्या डब्यांवर याच वळणात 'मूगडाळ' आणि 'हिंग (तीव्र)' लिहिलेलं आहे. अण्णांनी २००९ साली स्वतः रंगवली. चिरंजीव तेव्हा जन्मलेही नव्हते.

मी घरात यातलं काही बोलले नाही. पण चिरंजीवांनी माझा धागा वाचला होता. (पासवर्ड त्यांच्याकडे, विसरले होते.)

काल, शनिवारी, क्लासला काही कारणाने सुट्टी. दुपारी उद्यान बंद. महापालिकेची उद्यानं नेमकी पोरं मोकळी असतात तेव्हा मिटलेली असतात, हा एक वेगळा धागा होईल. पाचच्या सुमाराला खालून आवाज आले. अकरा नंबरवाले गावाला गेलेत, त्यांची गाडी नाही, तेवढ्या जागेत सहा पोरं टेनिस बॉलने खेळत होती. एक टप्पा आऊट, भिंतीला लागला तर दोन. आणि पाटीवर मार्करने, 'मनाई आहे' च्या पुढे, एक ओळ वाढवलेली: "सायंकाळि ५ ते ७ सोडुन."

बातमी जिन्यातून वर यायला दहा मिनिटं लागली. तळमजल्यावरच्या काकू सांगायला आल्या, "अण्णा, तुमच्या पाटीवर काहीतरी लिहिलंय हो मुलांनी." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. अण्णा काही न बोलता उठले. चष्मा घेतला. टेबलाच्या खणातून काळा मार्कर घेतला. तीन मजले उतरायला त्यांना वेळ लागतो, प्रत्येक वळणावर थांबतात. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली पोरांनी चेंडू खिशात घातला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. आमचा कुलदीपक सर्वात मागे.

अण्णा पाटीसमोर बराच वेळ उभे होते. मग 'ळि' ची वेलांटी दीर्घ केली. 'सोडुन' चा उकार दीर्घ केला. टोपण लावलं आणि वर आले.